नलूबाई जातील तेव्हा

१

सोमवारी सकाळी हेडमास्तर रूपरावांनी दहावीच्या वर्गाचं कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं आणि तसेच उलट्या पावली बाहेर आले. मी व्हरांड्यात छत्री झटकत उभा होतो.

"मास्तर, तुमी जरा आत जाऊन पाहा बरं," ते म्हणाले. "मले माह्या चष्म्याचा भरोसा नाई राह्यला."

मी आत गेलो. चष्म्याचा काही दोष नव्हता. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, पोरांनी राबून काळाकुळकुळीत केलेल्या फळ्यावर पांढऱ्याफटक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या.

व्हेन नलूबाई विल गो

वुई विल बी हॅपी

मी मराठीचा मास्तर. इंग्रजीशी माझं नातं दूरच्या सोयऱ्यासारखं, कुठे गाठ पडली तर रामराम, एरवी विचारपूस नाही. पण एवढं मलाही कळलं. नलूबाई जातील तेव्हा आम्हाला आनंद होईल.

आणि हे नेमकं त्याच दिवशी यायचं होतं! सन एकोणऐंशीचा श्रावण चालला होता. नलूबाई अल्लीपूरच्या आमच्या हायस्कुलात इंग्रजीच्या टेम्पररी शिक्षिका होत्या आणि त्या दिवशी वर्ध्याहून इन्स्पेक्टर साहेब त्यांचा पाठ बघायला येणार होते. साहेबांचा शेरा चांगला आला तर बाई कायम. नाही आला तर गाशा गुंडाळून आष्टीला भावाच्या घरी. त्या घरी भावजयीच्या तोंडाकडे बघून जेवावं लागतं, हे बाईंची आई मनकर्णाबाई स्वतः माझ्या बायकोला सांगून गेल्या होत्या. बाई कमावत्या झाल्यावर आईला घेऊन तिथून निघाल्या होत्या आणि परत जायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

पाठ कशावर, तर असल्याच वाक्यांवर. पुढे घडायच्या गोष्टी इंग्रजीत 'व्हेन' लावून सांगायच्या, तर त्या तुकड्यात 'विल' घालायचं नाही, असं बाई दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. आपण म्हणतो, तो येईल तेव्हा मी जाईन. इंग्रज म्हणे म्हणतो, तो येतो तेव्हा मी जाईन. यावरून साऱ्या गावाच्या डोक्याचा भुगा झाला होता.

तेवढ्यात बाईच आल्या. फळ्याकडे नजर जाताच सवयीने म्हणाल्या, "पहिल्या ओळीत 'विल' नको."

मग त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. या खेपेला चूक न बघता अर्थ बघितला, आणि पहिल्या बाकावर मटकन बसल्या.

"बाई, असं काय करता," मी म्हणालो. "पुसून टाकू. कोणाला कळतंय?"

मी डस्टर उचलून फळ्यावर सपासप फिरवलं. धूळ उडाली. अक्षरं जिथल्या तिथे. पाण्याचा हात लावला, तशी ती अदृश्य झाली. मी विजयी मुद्रेने वळलो. पाणी सुकलं आणि ती पुन्हा हसत उभी.

२

आमच्या शाळेच्या कमिटीत अण्णाजी नावाचे गृहस्थ होते. सारी हयात हिंगणघाटच्या कोर्टात पेशकार म्हणून काढलेली. वकिलांच्या उलटतपासण्या ऐकून ऐकून त्यांना माणसाशी सरळ बोलता येईनासं झालं होतं. प्रश्न, आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न. साहेबांच्या चहापाण्याची व्यवस्था बघायला ते लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवी घेऊन लवकर आले होते. फळा बघितल्यावर त्यांनी शेगडी खाली ठेवली, धोतराचा सोगा सावरला आणि इतके खूष झाले की मला त्यांचा रागच आला.

"कोणी काई हलवू नका," ते म्हणाले. "हेडमास्तर, कुलूप कोणं लावलं?"

"मीनं. काल दिवस मावळ्याच्या टायमाले."

"किल्ली?"

"माह्या करदोड्याले. रातभर तिथंच होती. बायकोले विचारा."

"विचारीन. खिडक्या?"

खिडक्यांना गज होते आणि पावसामुळे झडपा आतून लावलेल्या होत्या. छताची कवेलू तर शेवाळलेली, वर माणूस चढला असता तर कवेलूसकट खाली आला असता. तशी ती गळत होतीच. फळ्याच्या उजव्या अंगाला भिंतीतून ओल उतरली होती. पण बाकीच्या वर्गांत तर सरळ धार लागे, म्हणून साहेबांसाठी हाच वर्ग ठरला होता.

"कुलूप लावताना फळा कसा होता?"

"कोरा. काळाभोर. मी खुद्द बोट लावून पाह्यलं, तर बोट काळं झालं." रूपरावांनी बोट पुढे केलं. नखाच्या कडेला काजळी अजून होती.

आमच्याकडचा फळा म्हणजे भिंतीतच केलेला सिमेंटचा चौकोन. इन्स्पेक्शन आलं की पोरं बॅटरीचे संपलेले सेल फोडतात, आतला कोळसा कुटतात, वालाच्या पाल्याच्या रसात कालवतात आणि चिंधीने फळ्याला फासतात. रविवारी दुपारी तेच झालं होतं. पोरं घरी गेल्यावर दार उघडंच होतं आणि कुलूप लागेपर्यंत तिघेजण एकेकटे आत येऊन गेले होते. खुद्द रूपराव, समोरच्या दुकानाचे मोतीलाल, आणि आमचे बबनराव मास्तर.

अण्णाजी फळ्याजवळ गेले. खालच्या कट्ट्यावर खडूचा एक तुकडा पडला होता. त्याचं टोक काजळात बुडवल्यासारखं काळं होतं. त्यांनी तो उचलून निरखला आणि खिशात टाकला.

"हेडमास्तर," ते एकदम गोड आवाजात म्हणाले, "तुमचा एक भाचा बी.ए. झालेला हाय ना? इंग्रजी घेऊन?"

रूपरावांचा चेहरा लाल झाला. गावात तशी कुजबुज होती खरी, की नलूबाईंच्या जागेवर हेडमास्तरांना भाचा बसवायचा आहे.

"तो जाम गावाच्या नाक्यावर हॉटेल टाकून बसला हाय," रूपराव कडाडले. "ट्रकवाल्यायची रांग लागते त्याच्याकडे. मास्तरकी करा म्हटलं तर हसते तो मले!"

"मंग खोलीत रात्री गेलं कोण?" अण्णाजींनी विचारलं. "किल्ली फक्त तुमच्यापाशी."

रूपरावांनी नुसता करदोडा चाचपला.

३

मोतीलाल यांचं दुकान शाळेच्या फाटकासमोर. वह्या, पेन, गोळ्या-बिस्किटं आणि इंग्रजीची गाइडं. संध्याकाळी घरी ट्यूशनही घ्यायचे. नलूबाई आल्यापासून ट्यूशनची सतरंजी गुंडाळलेली होती आणि गाइडांवर धूळ बसली होती. माझा संशय सर्वांत आधी त्यांच्यावर गेला. संशय घ्यायला असा माणूस आयता मिळतो कुठे?

"हो, गेलतो ना," ते म्हणाले. "साहेबासाठी आपली हत्तेवाली खुर्ची नेऊन ठेवली. मी काय चोरी केली?"

"फळा पाह्यला?"

"पाह्यला. एकदम कोरा. चमकून राह्यलता."

"मोतीलालजी, बाई गेली तर तुमचा धंदा चालन. खरं की खोटं?"

"खरं!" मोतीलाल उसळले. "पन पेशकार साहेब, ते बाई पोट्ट्यायले शिकवते काय? जो मानूस अजून आलाच नाई, त्याले 'कम्स' म्हना म्हनते! गिऱ्हाईक आलं नाई अन् पुडी बांधून ठेवू काय मी? माह्या गाइडात दोन्हीकडं 'विल' छापलं हाय. छापलेलं खोटं राहते काय?"

बाकड्यावर बसलेले किसनराव नावाचे एक शेतकरी तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाईचंच बरोबर हाय म्हन्ते माहा पुतन्या. पन मले इचाराल तर दोघायचंही मले समजत नाई."

मी अण्णाजींना बाजूला घेतलं. "बघा, दोन्हीकडे 'विल' म्हणतात हे. फळ्यावरही दोन्हीकडे 'विल' आहे. सापडला चोर!"

"मास्तर," अण्णाजींनी माझ्याकडे दयेने बघितलं, "या गावात नलूबाई सोडून कोण दोन्हीकडं 'विल' नाई म्हनत? तुमी म्हनता, मी म्हनतो, हेडमास्तर म्हनतात. त्या 'विल'नं मानूस धराचा तर आख्ख्या अल्लीपुराले बेड्या ठोका."

अण्णाजी दुकानाची पायरी उतरत होते, तोच मोतीलालांनी मागून हाक मारली.

"एक सांगा पेशकार साहेब. मले बाईची बदनामी करायची असती, तर मी बजाराच्या भिंतीवर लिहिलं असतं. समदे वाचते. कुलपातल्या खोलीत लिहून वाचनार कोण? अन् तेही फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, दबकून?"

अण्णाजी पायरीवरच थबकले. "डाव्या कोपऱ्यात हाय, हे तुमाले कोणं सांगितलं?"

"आख्खी दहावी माह्या दुकानातूनच गोळ्या घेऊन गेली ना आत्ता!"

ते खरं होतं. म्हणजे आता पोरांना कळलं होतं, पोरांकडून घराघरात कळणार होतं, आणि साहेबांना एस.टी. स्टँडवरच कळणार होतं. माझ्या डोक्यात सगळा गोंधळ माजला. रूपरावांकडे किल्ली होती, पण कारण नव्हतं. मोतीलालांकडे कारण होतं, पण किल्ली नव्हती.

४

राहिले बबनराव.

खरं तर सगळं गाव मनातून त्यांचंच नाव घेत होतं. नलूबाई येण्याआधी इंग्रजी बबनरावच शिकवत. बाई आल्या आणि त्यांच्या हाती भूगोल आणि कवायत आली. कोणाला वाईट वाटणार नाही? ते कधी बोलले नाहीत, पण न बोलणाऱ्या माणसाविषयी गाव दुप्पट बोलतं. मीही बोललो होतो.

ते स्टाफरूममध्ये भारताचा नकाशा गुंडाळत बसले होते. गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"काल वर्गात गेलते काय?" अण्णाजींनी विचारलं.

"गेलतो. नकाशासाठी खिळा ठोकाले."

"फळा?"

"ओला होता. मी निंगालो."

"लगेच?"

बबनरावांनी नकाशा पुन्हा उलगडला. काश्मीर त्यांच्या हनुवटीला लागलं. मग त्यांनी एक विचित्रच प्रश्न विचारला.

"पेशकार साहेब, फळ्यावर एवढंच लिहिलं हाय काय? आजू काई नाई?"

"काऊन? कमी वाटते काय तुमाले?"

"नाई, तसं नाई..." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आजू कोणी काई पुसलं तर नाई ना?"

"पुसता येऊन राह्यलं असतं तर तुमच्यापाशी कशाले आलो असतो!"

बबनरावांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. व्हरांड्यात आल्यावर मी म्हणालो, "झालं. हाच तो. बघितलात ना चेहरा?"

"चेहरा गुन्हेगाराचा हाय," अण्णाजी पुटपुटले, "पन प्रश्न गुन्हेगाराचा नाई. ज्यानं लिहिलं त्याले ठाऊक रायते किती लिहिलं ते. अन् ज्यानं नाई लिहिलं, त्याले आजू असन असं काऊन वाटावं?"

आम्ही वर्गात परतलो. नलूबाई तिथेच बसलेल्या होत्या. अण्णाजींनी त्यांना विचारलं, तुम्हाला कोणाचा संशय येतो? त्यांनी फळ्याकडे बघितलं.

"मला नाव नाही सुचत, अण्णाजी. मला फक्त ते 'वुई' दिसतं. एकाने लिहिलं असतं तर मी भांडले असते. पण 'आम्हाला' आनंद होईल, असं लिहिलंय. पोरांनी लिहिलं असेल तर? मी ओरडते त्यांच्यावर. फार ओरडते." त्यांनी फळ्यावरून नजर काढली. "आणि पोरांनाच मी नको असेन, तर साहेबांनी कायम करून तरी काय उपयोग?"

मला भयंकर वाईट वाटलं. दोन वर्षं ही मुलगी घसा फोडून शिकवत होती आणि आम्ही सगळे तिच्या 'व्हेन'ची टिंगल करत होतो.

बाहेरून रूपराव धापा टाकत आले. साहेब एस.टी.ने नाही, जीपने येत होते, म्हणजे आता कधीही पोचणार होते.

५

रूपरावांनी तोडगा काढला. डाव्या बाजूवर भारताचा नकाशा टांगायचा. अक्षरं झाकली जातील. उजवा अर्धा फळा कोराच आहे, बाईंनी तिथे पाठ घ्यावा. नकाशा टांगला. इंग्रजीच्या तासाला भारताचा नकाशा का, असं साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ते कोणाला माहीत नव्हतं.

बाई उठल्या, डोळे पुसले, नवा खडू घेतला आणि उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.

फळ्यावर काहीच उमटलं नाही.

त्यांनी पुन्हा जोर देऊन लिहिलं. काही नाही. हात तर फिरत होता, खडू तर झिजत होता, पण फळा काळाच. बाईंनी खडू डोळ्यांसमोर धरला. टोक काळं झालं होतं.

"आता फळाही नाही म्हणतोय मला," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

पण अण्णाजी खिशातून तो सकाळचा तुकडा काढत होते. त्यांनी दोन्ही खडू शेजारी शेजारी धरले. दोन्हींची टोकं सारखीच काळी. मग ते मोठ्यांदा हसले. भर संकटात हसणारा माणूस मला कधी आवडला नाही, पण त्या दिवशी मी त्यांना माफ केलं.

"हेडमास्तर, तुमचं कुलूप बिचारं निर्दोष हाय! रातच्याले इथं कोणीच आलं नाई."

"मंग लिहिलं कोणं?" रूपराव ओरडले.

"ऐका. उजवीकडं भिंत ओली हाय, म्हनून खडू दिसून नाई राह्यला. सकाळी मास्तरनं पाणी लावलं तवा अक्षरं गेली, अन् सुकल्यावर परत आली. बरोबर? आता काल दुपारी आख्खा फळा ओला होता. तुमचं बोट काळं झालं, बबनरावही म्हनले ओला होता. तवा कोणी लिहिलं असतं तर दिसलं असतं काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"नसतं दिसलं. लिहिणाऱ्यालेही नसतं दिसलं! लिहिलं कालच, उजेडात, उघड्या दारात. तुमी कुलूप लावलं तवा अक्षरं फळ्यावरच होती. रातभरात फळा सुकला अन् ती वर आली. ओल्यात लिहिलेला खडू काळ्यासंगच वाळला, म्हनून डस्टरनं निंगून नाई राह्यला."

रूपरावांनी आ वासला. मीही.

"पण मग त्या तिघांपैकी कोण?" मी विचारलं.

"ते मले अजून नाई माहीत," अण्णाजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "पन मोतीलाल एक बरोबर बोलला. ज्याले कोणाची बेअब्रू करायची हाय, तो मधोमध लिहिन, ठसठशीत. डाव्या कोपऱ्यापासून कोण सुरू करते? ज्याले पुढं आख्खी ओळ लिहाची हाय, तो. हे वाक्य अर्धं हाय. बाकीचं उजवीकडं हाय, ओलीत. आपल्याले दिसून नाई राह्यलं."

त्या कोऱ्या काळ्या भागाकडे बघताना मला भीती वाटली.

"मंग झाकूनच राहू द्या," रूपराव घाईने म्हणाले. "पुढं आजू वंगाळ असलं तर? साहेब आल्यावर काहाले उघडं पाडता?"

अण्णाजी बाईंकडे वळले. "बाई, तुमी सांगा. आपल्यापाशी शेगडी हाय. भिंत शेकली तर सुकन. पन काय निंगन त्याचा नेम नाई. नोकरी तुमची हाय."

नलूबाई नकाशाकडे बघत होत्या.

"पेटवा शेगडी," त्या म्हणाल्या. "आणि नकाशा काढा. अर्धं वाक्य घेऊन मी आष्टीला जाणार नाही."

६

इन्स्पेक्टर साहेब वर्गाच्या दारात आले तेव्हा दहावीची पोरं उभी होती, मराठीचा मास्तर झडपा उघडत होता, कमिटीचे सभासद पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि हेडमास्तर रूपराव फडक्याने धरलेली पेटती शेगडी फळ्यासमोर आरतीसारखी ओवाळत होते.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, थोडं थांबा," अण्णाजी म्हणाले. "साक्षीदार तोंड उघडून राह्यला हाय."

साहेबांनी डावीकडचं वाक्य वाचलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "नलूबाई म्हणजे तुम्हीच ना? तुमच्या शाळेत तुमच्याविषयी ही भावना आहे?"

बाईंनी फक्त उजवीकडे बोट दाखवलं.

आधी तारीख आली. बाईंनीच घातलेली, धुरकट, मग पांढरी. पोरांमधून एक हुंकार निघाला. मग तारखेच्या खाली, पहिल्या ओळीच्या पुढे, काळ्यातून एक 'आय' वर आला. त्याच्यापुढे 'एन'. बबनराव दाराशी येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी चौकट घट्ट धरली होती.

इन परमनंट

आणि दुसऱ्या ओळीच्या खाली, अगदी कोपऱ्यात, सही केल्यासारखं:

ऑल स्टाफ

साहेबांनी सगळं सलग वाचलं. व्हेन नलूबाई विल गो इन परमनंट, वुई विल बी हॅपी. ऑल स्टाफ. नलूबाई कायम होतील तेव्हा आम्हा सर्वांना आनंद होईल. बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

"हे इंग्रजी कोणाचं?" साहेबांनी विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. पोरंही फिदीफिदी हसायला लागली होती.

"माहं," बबनराव दारातून म्हणाले.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"काल खिळा ठोकाले आलतो. म्हटलं, साहेब स्टाफचं मत इचारतीन, तर फळ्यावर लिहूनच ठेवाव. कोणाले न इचारता साऱ्यायची सही करून टाकली. पन काई उमटलंच नाई. मले वाटलं खडूच सरदला असन. बरंच झालं म्हटलं, नाई तरी इंग्रजी चुकलंच असन, अन् निंगून गेलो. सकाळी ऐकतो तर अर्धंच, अन् ते असं! मले वाटलं बाकीचं कोणं तरी मुद्दाम पुसलं. आता मी सांगतलं असतं पुढं 'परमनंट' होतं म्हनून, तर कोणं मानलं असतं?"

"पण बबनराव," रूपरावांनी न राहवून विचारलं, "बाईनं तर तुमचं इंग्रजी नेलं!"

"नेलं ना! देव तिचं भलं करो." बबनराव कळवळून बोलले. "तुमी मले जबरदस्तीनं देलतं ते, हेडमास्तर. दुसरा कोणी नव्हता म्हनून. वर्गात जायच्या आधी माह्या पोटात गोळा ये. बाई आली अन् मी जेवाले लागलो. ते गेली तर पुना माह्या उरावर बसन ते इंग्रजी. म्हनून, साहेब, बाईले ठेवा."

आम्ही ज्याला इतके दिवस मत्सर समजत होतो, तो सुटकेचा आनंद निघाला. मी खाली बघितलं.

साहेब हत्तेवाल्या खुर्चीत बसले. "बाई, पाठ घ्या."

फळा अक्षरांनी भरलेला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि पोरांकडे वळल्या.

"साहेब गेले की तुम्ही काय कराल?"

"खेळू!" सगळी पोरं एका सुरात ओरडली आणि मग जीभ चावली. साहेब हसले.

"साहेब गेले का?"

"नाई, इथंच हायेत."

"मग 'गेले' कसं म्हणालात? जाणार आहेत अजून. 'साहेब जातील की' असं म्हणतं का कोणी?"

पोरं गोंधळली. मीही. मराठीचा मास्तर असून आयुष्यभर मी हे बोलत आलो होतो आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आपण 'की' लावला तर न झालेलं झालंच असं बोलतो, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. कारण पुढे 'खेळू' आहे. पुढची गोष्ट आहे, हे तो एक शब्द सांगतो. तेवढा पुरतो. इंग्रजही तेच करतो. तो 'गेले' म्हणत नाही, 'जातात' म्हणतो, आणि 'विल' फक्त 'खेळू'ला लावतो. आता बोला, साहेब गेले की आम्ही खेळू."

"व्हेन साहेब गोज, वुई विल प्ले!" सारा वर्ग गरजला.

साहेबांनी शेरा तिथल्या तिथे लिहिला आणि रूपरावांना वाचून दाखवला. बाई कायम झाल्या. व्हरांड्यात चहा झाला, मोतीलालांनी स्वतः बिस्किटांचे पुडे आणून फोडले, मनकर्णाबाईंना बोलावणं गेलं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडताच पोरं खरंच खेळायला पळाली.

बबनराव कुठे दिसेनात. 'गो इन परमनंट'वरून त्यांची थोडी फिरकी घ्यावी म्हणून मी वर्गाकडे गेलो. ते शेवटच्या बाकावर एकटेच बसले होते. नलूबाई बशीत बिस्किटं घेऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"बाई, इतकं सोपं होतं काय ते?" बबनराव विचारत होते.

"हो सर. सोपंच आहे."

"मी उलटं शिकवलं पोट्ट्यायले. सालोसाल. पोट्टे बोर्डात तेच लिहित अन् इंग्रजीत नापास होऊन येत." त्यांनी बाकाच्या लाकडावर हात फिरवला. "अन् मी त्यायले ढ म्हनो. भर वर्गात उभं करून, ढ म्हनो."

बाईंनी बशी बाकावर ठेवली. त्या दिवशी त्यांच्याकडे साहेबांसकट सगळ्यांसाठी उत्तर होतं. त्या बबनरावांच्या शेजारी बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. मी दारातूनच परत फिरलो.